कॅन्सरचा खर्च: आधी कागद, मग पैसा

बायोप्सीचा अहवाल हातात पडला की घरात पहिला प्रश्न निघतो, ‘खर्च किती येईल?’ त्याच संध्याकाळी फोनाफोनी सुरू होते. पतसंस्थेत किती अडकलेत, मामा किती देतील, घरात सोनं किती तोळे आहे. बहुतेक घरांचा क्रम इथेच चुकतो. पैसा आधी उभा राहतो, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जवळच्या खासगी दवाखान्यात संपतो, आणि मग कुणीतरी सांगतं की हे सगळं योजनेत झालं असतं. तोवर भरलेलं बिल परत मिळायचं नसतं. महात्मा फुले जन आरोग्य योजना, आयुष्मान भारत आणि मुख्यमंत्री सहाय्यता निधी या तिन्हींचे पैसे रुग्णालयाच्या खात्यात जातात. रुग्णाने आधीच केलेला खर्च त्यातून भरून निघत नाही.

मग थांबायला वेळ असतो का? तोंडाचा, स्तनाचा किंवा आतड्याचा कॅन्सर असेल तर योग्य रुग्णालय शोधायला आणि कागद जमवायला आठवडा-दहा दिवस गेल्याने सहसा बिघडत नाही. दोन-तीन महिने घालवले तर नक्की बिघडतं. काही गोष्टींना मात्र एक दिवसही थांबायचं नाही: तीव्र प्रकारचा रक्ताचा कॅन्सर, श्वास अडकणं, न थांबणारा रक्तस्राव, पायांतली ताकद अचानक जाणं. अशा वेळी आधी दाखल व्हायचं आणि नातेवाइकाने योजनेच्या खिडकीवर धावायचं.

सगळं मोफत झालं तरी सव्वा लाख

भारतात पुरुषांमध्ये सर्वाधिक आढळतो तो तोंडाचा कॅन्सर, आणि तो बहुतेकदा कमावत्या वयात गाठतो. म्हणून हिशेबासाठी तोच घेऊ. समजा, मराठवाड्यातला पंचेचाळिशीचा एक माणूस आहे. रोजंदारी पाचशे रुपये, बायको शेतमजुरी करते, रोज तीनशे. गालाच्या आतल्या बाजूला गाठ आहे. शस्त्रक्रिया होईल, जखम भरली की सहा आठवडे रेडिएशन, आठवड्याचे पाच दिवस, एकूण 30 वेळा. गरज पडली तर त्याच काळात आठवड्यातून एकदा किमोचं इंजेक्शन. शस्त्रक्रिया, रेडिएशन, किमो हे सगळं योजनेत बसलं, रुग्णालयाने एक रुपयाही घेतला नाही, असं धरू.

आता घराचा हिशेब. रुग्ण सहा महिने कामावर जाऊ शकत नाही. महिन्याचे 25 दिवस धरले तर 75,000 रुपये बुडाले. बायको शस्त्रक्रियेचे दोन आणि रेडिएशनचे सहा असे आठ आठवडे सोबत. कामाचे 48 दिवस, म्हणजे 14,400. दोघांचं शहरात राहणं-खाणं कितीही काटकसरीने रोजचे 400 धरलं तर 56 दिवसांचे 22,400. नाकातल्या नळीतून दूध, अंडी, प्रथिनांची पावडर असा आहार तीन महिने, रोजचे 150 धरून 13,500. बेरीज 1,25,300. निदान होईपर्यंतचे स्कॅन आणि बायोप्सी यात नाहीत, आणि त्या तपासण्या बहुतेकदा खिशातूनच होतात.

ही रक्कम कुठल्याच बिलावर दिसत नाही. म्हणून ती मागताही येत नाही आणि तिची तयारीही होत नाही. घरं जशी एकदम आलेल्या बिलाने बसतात, तशीच या रोजच्या गळतीनेही बसतात.

ज्यांना योजना मिळत नाही त्यांचं चित्र आणखी कठीण आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 2017-18 च्या फेरीत कॅन्सरसाठी एकदा दाखल होण्याचा सरासरी खर्च सुमारे 61 हजार रुपये निघाला होता. खासगी रुग्णालयात 93 हजारांच्या आसपास, सरकारी रुग्णालयात 22 हजारांच्या वर. हा एका वेळचा आकडा आहे, आणि कॅन्सरचा रुग्ण एकदा दाखल होऊन सुटत नाही.

पहिल्या आठवड्यात करायची कामं

महाराष्ट्रात शिधापत्रिका असलेल्या कुटुंबांना, पांढरं कार्ड असलं तरी, महात्मा फुले योजनेखाली आता वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. आधी ही मर्यादा दीड लाख होती, 1 जुलै 2024 पासून ती वाढली. वयाची 70 वर्षं पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचे मदतनीस, बसतात. सगळ्यात आधी त्यांना भेटा. योजनेची माहिती 155388 या क्रमांकावर मिळते, तक्रारही तिथे करता येते.

अडतं कुठे? रुग्णाचं नाव शिधापत्रिकेत नसतं. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या कार्डावर राहिलेलं असतं, वेगळं घर मांडलेल्या मुलाचं वडिलांच्या. आधारवर एक स्पेलिंग, कार्डावर दुसरं. हातावर पोट असलेल्या मजुराच्या बोटांचे ठसे झिजलेले, मशीन घेत नाही. ही दुरुस्ती तहसील कार्यालयात किंवा आधार केंद्रात होते आणि तिला दिवस लागतात. तेव्हा घरातला एक माणूस रुग्णाबरोबर जाईल आणि दुसरा त्याच दिवशी कागदामागे लागेल, अशी विभागणी पहिल्या दिवशीच करून टाका.

आरोग्यमित्राला नेमकं विचारा: ‘इथे कॅन्सरची शस्त्रक्रिया, किमो आणि रेडिएशन तिन्ही योजनेत आहे का?’ रुग्णालय योजनेत असतं, पण त्यातला प्रत्येक विभाग असतोच असं नाही. शस्त्रक्रिया इथे आणि रेडिएशन तिसऱ्याच गावात अशी वाटणी झाली की मधले आठवडे वाया जातात. तोंडाच्या कॅन्सरमध्ये शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत रेडिएशन सुरू व्हावं लागतं. उशीर झाला तर शस्त्रक्रियेचा फायदा घटतो.

योजनेत मंजूर झालेल्या उपचारासाठी रुग्णालय वरून पैसे मागत असेल तर पावती मागा. पावती द्यायला तयार नसतील तर त्याच दिवशी तक्रार नोंदवा, डिस्चार्ज झाल्यावर नाही.

योजनेबाहेरच्या खर्चासाठी दुसरी दारं आहेत, पण ती एकाच वेळी ठोठवावी लागतात. मुख्यमंत्री सहाय्यता निधीला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं. धर्मादाय रुग्णालयांना मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या 2006 च्या योजनेनुसार 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. शहरातली कित्येक मोठी, चकचकीत रुग्णालयं कागदावर धर्मादाय आहेत. तिथल्या समाजसेवा विभागात जाऊन ‘आयपीएफ’ (निर्धन रुग्णांसाठीचा निधी) असा शब्द उच्चारला की कोणत्या खिडकीवर जायचं ते कळतं. हा अर्ज दाखल होतानाच करायचा. बिल तयार झाल्यावर केलेल्या अर्जाचं काही खरं नसतं.

उत्पन्नाचा दाखला मूळ एकच आणि प्रती भरपूर असू द्या. बायोप्सीचा अहवाल, स्कॅनच्या सीडी, आधार, शिधापत्रिका, अंदाजपत्रक हे सगळं एकाच फाइलमध्ये, तारखेच्या क्रमाने लावा. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेल्या चिठ्ठ्यांमुळे तपासण्या पुन्हा कराव्या लागतात. दुसऱ्या रुग्णालयात जाताना छापील अहवाल पुरत नाही. बायोप्सीच्या काचा आणि मेणातला ठोकळा, ज्याला सगळे ‘ब्लॉक’ म्हणतात, तो पहिल्या लॅबकडून मागून घ्या. तो रुग्णाचा हक्क आहे. ब्लॉक नसेल तर सुई पुन्हा टोचावी लागते, पैसे पुन्हा लागतात.

परळच्या टाटा रुग्णालयात फाइल काढताना जनरल आणि प्रायव्हेट असे वर्ग असतात. डॉक्टर तेच, पण दरांत मोठा फरक. लवकर नंबर लागेल या आशेने प्रायव्हेट फाइल काढली आणि दोन महिन्यांत पैसे संपले, असं होऊ देऊ नका. वर्ग बदलण्याची वेळ आलीच तर तिथल्या समाजसेवा विभागाशी बोला. पण एक खरं सांगायला हवं, प्रत्येकाला परळ गाठायची गरज नाही. नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय, बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय, गोव्यात बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज अशी केंद्रं जवळ आहेत. ठरलेल्या पद्धतीचे किमो आणि रेडिएशन घराजवळ घेता आले तर वर मांडलेल्या हिशेबातला राहण्याचा आणि मजुरीचा मोठा भाग वाचतो. मोठ्या केंद्रात उपचाराचा आराखडा करून घ्यायचा आणि तो जवळच्या ठिकाणी पूर्ण करायचा, हा मार्ग अनेक डॉक्टर स्वतःच सुचवतात. त्यांनी सुचवला नाही तर आपण विचारावा.

मुंबईत राहावंच लागलं तर परळची नाना पालकर स्मृती समिती, दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, लहान मुलांसाठी सेंट ज्यूड केंद्रं आहेत. त्यांच्यासाठी रुग्णालयाची चिठ्ठी लागते. रेल्वेत स्लीपर आणि थ्री-एसीमध्ये रुग्णाला 100 टक्के, सोबत्याला 75 टक्के सवलत मिळते. रुग्णालयाने सही-शिक्का केलेला ठरावीक नमुन्यातला फॉर्म आरक्षणाच्या खिडकीवर द्यायचा. एसटीतही कर्करुग्णांना सवलत आहे.

डॉक्टरांना पैशाबद्दल विचारणं गैर नाही

आपल्याकडे डॉक्टरांसमोर पैशाचं बोलायला लोक संकोचतात. डॉक्टरला वाटतं यांना परवडतंय, घरच्यांना वाटतं दुसरा उपाय नाही. किमोच्या तीन सायकल, म्हणजे फेऱ्या, होतात, चौथीला कुणी येत नाही. अर्धवट सोडलेल्या उपचाराइतका महाग उपचार दुसरा नाही. पैसे जातात, त्रास भोगून होतो आणि आजार परत येतो.

म्हणून पहिल्या भेटीतच स्पष्ट विचारा. हा उपचार आजार पूर्ण बरा करण्यासाठी आहे की आटोक्यात ठेवण्यासाठी? एकूण सायकल किती? प्रत्येक सायकलच्या आधी कोणत्या तपासण्या, आणि पांढऱ्या पेशींचे काउंट खाली गेले तर लागणारी इंजेक्शनं या रकमेत धरली आहेत का? हे औषध ठरावीक महिने घ्यायचं आहे, की ते काम करतंय तोवर चालूच ठेवायचं आहे? शेवटचा प्रश्न फार मोलाचा. फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या काही गोळ्या वर्षानुवर्षं घ्याव्या लागतात. महिन्याचा आकडा ऐकून ‘करू काहीतरी’ म्हणणारं घर तिसऱ्या महिन्यात मोडतं.

पुढचा प्रश्न, ‘याहून स्वस्त पर्याय आहे का, आणि तो घेतला तर नेमकं काय गमवावं लागेल?’ काही वेळा नवं औषध खूप फरक पाडतं, काही वेळा फरक काही आठवड्यांचा असतो. तो आकडा ऐकण्याचा अधिकार तुम्हाला आहे. औषधाच्या किमती अचल नसतात हेही लक्षात ठेवा. 2012 मध्ये यकृत आणि मूत्रपिंडाच्या कॅन्सरवरच्या सोराफेनिब या औषधासाठी सक्तीचा परवाना (पेटंटधारकाच्या संमतीशिवाय दुसऱ्या कंपनीला औषध बनवायची परवानगी) दिला गेला, तेव्हा महिन्याला सुमारे 2 लाख 80 हजारांचं औषध 8,800 रुपयांवर आलं. 2019 मध्ये सरकारने कॅन्सरच्या 42 औषधांवरचा व्यापारी नफा 30 टक्क्यांवर बांधला. तरीही जेनेरिक (मूळ कंपनीऐवजी इतरांनी बनवलेल्या) औषधांच्या छापील किमतीत आणि प्रत्यक्ष खरेदीच्या किमतीत प्रचंड अंतर असतं. रुग्णालयाचं दुकान, अमृत फार्मसी, जनऔषधी केंद्र आणि कर्करुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्था, चारही ठिकाणी औषधाचं मूळ नाव सांगून दर विचारा. बिल पक्कं घ्या, खोक्यावरचा बॅच क्रमांक जपून ठेवा. बिलाशिवाय स्वस्तात मिळणारं किमोचं इंजेक्शन कधीही घेऊ नका.

विमा असेल तर खोलीच्या भाड्याची मर्यादा आधी वाचा. मर्यादा 5,000 असताना 10,000 ची खोली घेतली, तर कापला जातो तो फक्त भाड्यातला फरक नव्हे. अशा पॉलिसीत सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर असे खर्चही त्याच प्रमाणात निम्मे मंजूर होतात. गोळ्यांच्या स्वरूपातली किमो आणि इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध कामाला लावणारी औषधं) यांना वेगळी, कमी मर्यादा असू शकते. ती लेखी विचारून घ्या. ईएसआयसीत (कर्मचारी राज्य विमा योजनेत) असलेल्या कामगाराला दीर्घ आजारासाठीच्या वाढीव लाभात मजुरीच्या 80 टक्के रक्कम मिळू शकते. हे बहुतेक कामगारांना कुणी सांगतच नाही, त्यामुळे लोक नोकरी सोडून मोकळे होतात. नोकरीचा राजीनामा घाईत देऊ नका. राजीनाम्याबरोबर विमाही जातो.

काय विकायचं, काय नाही

सावकाराचं महिना पाच टक्के ऐकायला थोडं वाटतं. वर्षाचे ते साठ टक्के होतात. लाखाला साठ हजार. त्यापेक्षा बँकेत सोनं तारण ठेवणं कितीतरी पटीने बरं. विकायची वेळ आली तर ज्यातून रोजची मिळकत येते ते सगळ्यात शेवटी: दुभती म्हैस, रिक्षा, शिलाई मशीन, ओलिताखालची जमीन. बरा होऊन घरी आलेल्या माणसाला कामाला हात घालायला काहीतरी शिल्लक हवं.

‘खात्रीने बरा करतो’ म्हणणाऱ्या जडीबुटीवाल्यांचा खर्चही याच हिशेबात धरा. तिथे पैशापेक्षा महिने जास्त जातात. पहिल्या टप्प्यातली गाठ तिसऱ्या टप्प्यात पोहोचते, आणि उपचार मोठा, महाग, कमी आशेचा होतो.

पैशाची चिंता शरीरावर उतरते

रुग्णाच्या मनावरचं ओझं आणि पैशाचं ओझं वेगळं काढता येत नाही. ‘माझ्यावर उधळू नका, पोरीच्या लग्नाला ठेवा’ असं म्हणणारा बाप वेदना लपवू लागतो. मळमळ झाली तरी सांगत नाही, कारण गोळी महाग आहे हे त्याने ऐकलेलं असतं. अंडं मुलाच्या ताटात सरकवतो. वजन उतरतं. रेडिएशनसाठी चेहऱ्यावर बेतलेला साचा सैल होतो, पुन्हा नियोजन करावं लागतं, दिवस बुडतात. आणि रेडिएशनमधले बुडालेले दिवस सगळ्यात वाईट, कारण मधल्या खंडात उरलेल्या पेशी वाढतात. म्हणून रुग्णासमोर पैशाची कुजबुज नको आणि खोटं आश्वासनही नको. ‘एवढे लागणार आहेत, एवढे योजनेतून आहेत, उरलेले असे करतोय’ हे एकदा बसून सांगितलं की त्याची धास्ती कमी होते. हिशेब नीट माहीत नसला की माणूस त्याहून भयंकर हिशेब मनात मांडतो.

निदान लपवण्याचंही असंच होतं. ‘त्यांना सांगू नका, ते खचतील’ असं डॉक्टरांना दाराबाहेर गाठून सांगणारी घरं खूप. हेतू मायेचाच असतो. पण किमोच्या वॉर्डात आजूबाजूला पाहून रुग्णाला सगळं कळतंच. फरक इतकाच की आता तो कुणाशी बोलू शकत नाही. आधी त्यालाच विचारावं, ‘तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?’ काहींना सगळं ऐकायचं असतं, काहींना थोडं. त्याने ठरवावं.

दोष देणं थांबवा. ‘तंबाखू खाल्लीस, आता भोग’ हे वाक्य उपचार सोडायला लावतं. ताट-वाटी वेगळी करण्याचीही काही गरज नाही, कॅन्सर स्पर्शाने किंवा उष्ट्याने लागत नाही.

सोबत करणाऱ्याकडे मात्र कुणाचंच लक्ष नसतं. बहुतेकदा ती बायको, सून किंवा मोठी मुलगी असते. दीड-दोन महिने रुग्णालयाच्या पायरीवर झोपलेल्या बाईला स्वतःची रक्तदाबाची गोळी घ्यायचीही आठवण राहत नाही. आठवड्यातून दोन दिवस तरी दुसऱ्या कुणी बदली द्यावी. भेटायला येणाऱ्यांनी सफरचंदं आणण्यापेक्षा एक रात्र सोबतीला थांबावं.

रुग्ण किंवा सोबती दोन आठवडे नीट झोपत नसेल, जेवत नसेल, कशातच मन लागत नसेल, ‘सुटलो तर बरं’ असं बोलत असेल, तर ते स्वभावावर किंवा आजारावर टाकून देऊ नका. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगा. 14416 या टेली-मानस (मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन) क्रमांकावर मराठीत, मोफत, रात्री-अपरात्री बोलता येतं. शेतकऱ्याच्या घरात फवारणीचं औषध कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. वेदना असह्य असेल तेव्हा असा विचार जास्त येतो, आणि वेदना थांबवता येते. मॉर्फिनच्या गोळ्या स्वस्त आहेत आणि डॉक्टरांच्या देखरेखीत घेतल्या तर दुखण्यासाठी सुरक्षित आहेत. त्या लिहून देणारा विभाग म्हणजे पॅलिएटिव्ह केअर. हा विभाग फक्त शेवटच्या दिवसांसाठी नसतो. उपचार सुरू असतानाही तिथे जाता येतं.

आजार बरा होण्यापलीकडे गेला असेल तर एक निर्णय वेळेत घ्यावा लागतो: शेवटच्या दिवसांत आयसीयू हवं की घर. हे आधी बोललेलं नसलं की घाबरून रात्री रुग्णवाहिका बोलावली जाते, व्हेंटिलेटर लागतो, आणि चार दिवसांत उरलेली पुंजी संपते. रुग्ण बोलू शकतो तोवर त्याची इच्छा विचारा, घरी वेदनेचं आणि धापेचं औषध तयार ठेवा, कुणाला फोन करायचा ते लिहून ठेवा.

त्याच काळात बँकेच्या खात्याला आणि विम्याला नॉमिनी आहे का ते पाहा, खातं संयुक्त नावावर करा, कुणाचं देणं-घेणं आहे ते वहीत नोंदवून घ्या. उपचार सुरू असतानाच, उत्पन्न अगदी तुटपुंजं असेल तर, तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज करा. कर्करोगाने ग्रस्त असलेले या योजनेत बसतात, महिन्याला 1,500 रुपये थेट रुग्णाच्या खात्यात येतात.